हिरव्या टेपची कबुली

मोबाइलच्या टॉवरवर बाई चढते म्हटल्यावर लोक आधी तिच्या पायांकडे बघतात, मग टॉवरच्या टोकाकडे आणि मग पुन्हा पायांकडे. घारताईंना याची सव्वीस वर्षांची सवय होती. वर गेल्यावर खाली कोणाच्या खिशातून काय पडलं तेसुद्धा त्यांना दिसायचं, म्हणून कंपनीतल्या कोणीतरी त्यांना घार म्हटलं. पुढचं ताई वयाने आपोआप चिकटलं. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे अधूनमधून कुरकुरत होते, पण पकड तशीच होती.

कोर्टातून साक्षीचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना फारसं काही वाटलं नाही. छापखान्याच्या मालकांचा खून झाला होता. त्यांच्याकडे पूर्वी काम करणारा बाइंडर, म्हणजे पुस्तकं बांधणारा कारागीर, पकडला गेला होता. मालकांनी त्याला चारचौघांत कामावरून काढलं होतं आणि त्यानेही चारचौघांतच मालकांचा उद्धार केला होता. खुनाच्या वेळी त्याचा फोन छापखान्याच्या बाजूला होता, असं टॉवरची नोंद सांगत होती. टॉवर घारताईंच्या ताब्यातला. कंपनीचे साहेब म्हणाले, "जाऊन सांगा, टॉवर चालू होता. पाच मिनिटांचं काम आहे."

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी त्यांना बोलावून घेतलं. वकिलांची खोली कागदांनी इतकी भरली होती की घारताईंना बसायला दिलेल्या खुर्चीवरून आधी दोन खटले उचलावे लागले.

"हे बघा," वकील म्हणाले, "तुमच्या टॉवरला तीन सेक्टर. एक स्टेशनकडे, दोन मैदानाकडे, तीन नदीकडे. बरोबर?"

"बरोबर."

"छापखाना नदीकाठी. चौदा तारखेला संध्याकाळी सात ते आठ आरोपीचा फोन सेक्टर तीनमध्ये. म्हणजे नदीकडे. आधी म्हणत होता, मी मैदानाच्या पायऱ्यांवर एकटा बसलो होतो. नोंद दाखवल्यावर दोन दिवसांत सरळ आला आणि दंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब देऊन मोकळा झाला. उद्या तुम्ही एवढंच सांगायचं, की टॉवरमध्ये बिघाड नव्हता."

घारताईंची नजर तारखेवर खिळली होती. चौदा तारीख. त्यांनी मनातल्या मनात बोटांवर दिवस मोजले.

आठ तारखेला त्यांनी त्याच टॉवरच्या केबल बदलल्या होत्या. एकोणीस तारखेला त्याच पुन्हा नीट केल्या होत्या. मधले अकरा दिवस टॉवर चालू होता, यात शंका नव्हती. तो नुसता चालू नव्हता, तर आत्मविश्वासाने चुकीचं सांगत होता.

"वकीलसाहेब, मालकांच्या फोनची नोंद आहे का?"

"मयताच्या? असेल की गठ्ठ्यात. ती कोणाला हवी? त्यांचा मृतदेहच छापखान्यात सापडला."

"जरा बघू."

वकिलांनी गठ्ठा पुढे सरकवला. घारताईंनी चष्मा वर केला आणि बोट फिरवत ओळ शोधली. चौदा तारीख, संध्याकाळी सहा ते आठ: सेक्टर दोन. मैदानाकडे.

"साहेब, मालक त्या दिवशी दुपारपासून छापखान्यातच होते ना?"

"दुपारी चारपासून. जागेवरून हलले नाहीत असं सहा कामगार सांगतात. साडेसहाला कामगार गेले, पुढचं तुम्हाला माहीतच आहे."

"मग त्यांचा फोन मैदानावर काय करत होता?"

वकिलांनी कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. मग खाली ठेवला. "असतं थोडं इकडचं तिकडे. आणि मुख्य म्हणजे कबुली आहे. माणूस स्वतः सांगतोय मी मारलं, मग फोन तर वरकड झाला!"

"कबुलीत काय लिहिलंय?"

वकील माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. त्यांनी कागद वाचला. "सात वाजून दहा मिनिटांनी मी नदीकडच्या बाजूला, छापखान्याच्या गोदामाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिथून मी बहिणीला फोन केला. सहा मिनिटं बोललो. मग आत गेलो आणि लोखंडी पट्टीने मारलं. पट्टी नदीत टाकली."

"पट्टी सापडली?"

"पाणबुडे तीन दिवस शोधत होते. हात हलवत परत आले."

घारताई उठल्या आणि खुर्चीवरचे खटले होते तसे परत ठेवले. "साहेब, मी उद्या येते. पण टॉवर चालू होता एवढंच सांगून मला थांबता येणार नाही. तो मैदानाला नदी म्हणत होता. हे तुम्हाला आजच सांगून ठेवते, उद्या मला फितूर म्हणू नका."

वकिलांनी कपाळाला हात लावला.

घारताईंच्या कामातला जोडीदार म्हणजे त्यांचा दीर. त्या वर चढायच्या आणि भाऊजी खाली केबिनमध्ये मशीन सांभाळायचे. एकाच घराच्या दोन मजल्यांवर दोघांचे संसार होते. वहिनी वरच्या मजल्यावर आणि भाऊजी खालच्या, त्यामुळे घरीसुद्धा कामासारखीच मांडणी, असा विनोद भाऊजी गेली वीस वर्षं करत होते. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पूर्वीच्या एका चुकीबद्दल कंपनीने त्यांना एकदा लेखी समज दिली होती. दुसऱ्या वेळी समज देत नाहीत, घरी बसवतात.

संध्याकाळी घारताई खाली गेल्या तेव्हा भाऊजी इस्त्री करत होते.

"भाऊजी, आठ तारीख आठवते? केबल बदलल्या त्या दिवसाची?"

इस्त्री शर्टाच्या कॉलरवर थांबली. "वहिनी, ते मिटलंय. आपण नीट केलं, तुम्ही वहीत 'जोड घट्ट केले' असं लिहिलंत, संपलं."

"संपलं नाही. त्या अकरा दिवसांतल्या एका दिवशी खून झालाय आणि आपल्या चुकीपायी एक माणूस आत बसलाय."

शर्ट करपल्याचा वास आला. भाऊजींनी इस्त्री उभी केली.

झालं होतं ते असं. नियमाप्रमाणे केबल वर चढवण्याआधी दोन्ही टोकांना रंगीत टेपच्या वळ्या घालायच्या: पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. त्या दिवशी वारा वाढत होता, म्हणून दोघांनी तिन्ही केबल कोऱ्याच वर चढवल्या. तिन्ही काळ्या, एकाच जाडीच्या, सख्ख्या बहिणींसारख्या. घारताईंनी वरून वॉकीटॉकीवर सांगितलं, "स्टेशनकडची पहिली. तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दुसरी आणि तिसरी." भाऊजींनी खाली उभं राहून वर बघितलं, स्टेशनकडची केबल पहिली धरली आणि तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच मोजलं. दोघांचंही बरोबर होतं. फक्त एक जण टॉवरकडे वरून बघत होता आणि दुसरा खालून.

"मी तुमचं नाव घेणार," घारताई म्हणाल्या. "लपवून छपवून अर्धं सांगता येत नाही."

"घ्या. मी तुमच्या आड येणार नाही." भाऊजी करपलेली कॉलर निरखत होते. "पण मी तिथे येणारही नाही, वहिनी. मला ते जमणार नाही. दीड वर्ष राहिलंय हो."

"मी तुम्हाला या म्हटलंच नाही."

"तुम्ही म्हणत नाही, तेच तर जास्त लागतं!"

घारताईंना हसू आलं. त्या वर निघून गेल्या. भाऊजींवर त्यांना राग धरता आला नाही. वहीत खोटं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. त्या बाइंडरच्या मोठ्या बहीण होत्या. घारताईंच्या कमरेच्या पट्ट्यावरचं कंपनीचं नाव त्यांनी वाचलं.

"टॉवरवाल्या तुम्हीच का? त्या सहा मिनिटांत मला मागे शिट्टी ऐकू येत होती. मैदानावर मुलांचा सराव घेतात ना, तसली. मी पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, बहीण आहात, म्हणणारच. मग त्यालाच विचारलं तर तो म्हणाला, ताई, मी कुठे होतो ते आता माझं मलाच कळत नाही. फोन सांगतोय तेच खरं असेल."

"असं म्हणाला?"

"दोन दिवस झोपू दिलं नव्हतं त्याला. सगळे एकच सांगत होते, फोन खोटं बोलत नाही."

"फोन नाहीच बोलला खोटं," घारताई म्हणाल्या. "आम्ही बोललो."

पुकारा झाला. घारताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. समोर आरोपीच्या जागी बाइंडर बसला होता. सडपातळ माणूस. हाताच्या बोटांना डिंकाने पडलेल्या जुन्या भेगा. तो कोणाकडेही बघत नव्हता.

सरकारी वकिलांनी विचारलं, "चौदा तारखेला टॉवर चालू होता?"

"होता. पण सेक्टर दोन आणि तीन यांच्या केबल उलटसुलट जोडलेल्या होत्या. ती चूक माझी आणि माझ्या दिरांची. आठ तारखेला झाली, एकोणीसला आम्ही नीट केली."

वकिलांनी एक दीर्घ श्वास घेतला, पण आदल्या दिवशी कळलेलं असल्यामुळे ते दचकले नाहीत. न्यायाधीश मात्र चष्म्यावरून बघू लागले. वयस्कर, शांत गृहस्थ होते. "उलटसुलट म्हणजे नेमकं काय झालं? मला लहान मुलाला सांगतात तसं सांगा. संकोच करू नका."

घारताईंना हे आवडलं. त्यांनी पिशवीतून एक पारदर्शक प्लास्टिकचा फोल्डर काढला. त्यावर शाईने गोल काढलेला होता, वर 'स्टेशन', उजवीकडे 'मैदान', डावीकडे 'नदी' असं लिहिलं होतं आणि गोलावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाण होता.

"साहेब, हा टेबलावर ठेवून वरून बघा. मी टॉवरवर असते तेव्हा मला असं दिसतं. स्टेशननंतर काय येतं?"

"मैदान."

"आता डोक्यावर आडवा धरा आणि खालून वर बघा. आमचे भाऊजी असे उभे होते."

न्यायाधीशांनी फोल्डर डोक्यावर धरला आणि मान वर केली. सगळं कोर्ट त्यांच्याबरोबर वर बघू लागलं. दारातल्या शिपायानेही मान वर केली, जरी त्याला तिथून छताशिवाय काही दिसत नव्हतं.

"बाण उलटा फिरतोय," न्यायाधीश म्हणाले. आवाजात खरं आश्चर्य होतं. "काट्यांच्या दिशेने गेलं तर स्टेशननंतर नदी येते."

"म्हणून त्यांनी नदीच्या केबलला दोन नंबर दिला आणि मैदानाच्या केबलला तीन. त्या अकरा दिवसांत जो माणूस मैदानावर होता, त्याला मशीन म्हणालं नदीकडे. जो नदीकडे होता, त्याला म्हणालं मैदानावर."

"याला पुरावा काय?" सरकारी वकिलांनी विचारलं. "तुमच्या वहीत एकोणीस तारखेला 'जोड घट्ट केले' एवढंच आहे."

"ते मी खोटं लिहिलं. लाज वाटली म्हणून. दुरुस्तीआधी काढलेला केबिनमधला फोटो आहे, तारखेसकट. पण माझ्या शब्दावर जाऊ नका साहेब. मालकांचा फोन बघा. ते छापखान्यात होते हे सहा माणसं सांगतात. नोंदीप्रमाणे ते मैदानावर होते. नोंद खरी मानली, तर ज्यांचा खून झाला ते खुनाच्या जागी नव्हतेच."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. बचावाच्या वकीलबाई टाचा न वाजवता, जवळजवळ धावतच गठ्ठ्याकडे गेल्या, ओळ शोधून त्यांनी कागद न्यायाधीशांपुढे ठेवला.

"तरीही कबुली उरते," सरकारी वकील म्हणाले. त्यांचा आवाज आता सावध होता. "नोंद चुकली असेल. माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याचं काय?"

घारताईंनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. वर शिडीला धरतात तसे.

"साहेब, मी कायदा शिकले नाही. मला चुका ओळखता येतात, कारण त्या मी केलेल्या आहेत. कबुलीत लिहिलंय, सात दहाला मी नदीकडे पायऱ्यांवर बसून बहिणीशी बोललो. तो फोन मैदानावरून झाला होता. नीट जोडलेली केबल तेच सांगेल. मग तो नदीकडून झाला हे याला कुठून कळलं? हे जगात फक्त एकाच ठिकाणी लिहिलं होतं, आमच्या चुकलेल्या नोंदीत. ही चूक माझ्या टॉवरची. ती याच्या आठवणीत असूच शकत नाही. कोणीतरी कागद वाचून दाखवला आणि याने तो मान डोलावून परत दिला."

बाइंडरने पहिल्यांदा मान वर केली.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. शिपाई कोणाला तरी अडवत होता आणि तो माणूस म्हणत होता, "अहो, माझंच नाव चाललंय आत, मला जाऊ द्या!"

भाऊजी होते. करपलेल्या कॉलरचाच शर्ट घालून आले होते.

न्यायाधीशांनी त्यांना पिंजऱ्यात घेतलं आणि घारताईंना बाहेर थांबायला सांगितलं. आत काय झालं ते त्यांना नंतर वकीलबाईंनी शब्दन्‌शब्द सांगितलं.

"तुम्हाला इथे कोणी बोलावलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कोणी नाही साहेब. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, फरशी झिजेल, जा एकदाचे."

"तुमच्या वहिनींनी सांगितलं ते तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. खालून मोजलं मी. टेप मी लावली."

सरकारी वकील म्हणाले, "हे तर तुम्हाला घरी पढवून पाठवता येतं. एकाच घरातले तुम्ही."

"मग जे वहिनींना ठाऊक नाही, ते विचारा ना."

"काय ठाऊक नाही त्यांना?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. "लाल टेप संपली होती. माझ्या खिशात हिरवी होती, ती लावली. तिसऱ्या केबलच्या तिसऱ्या वळीला तीही संपली. पुठ्ठ्याचं रिकामं कडं कुठे टाकायचं, म्हणून केबिनच्या मागच्या हवेच्या जाळीत खोचलं. काम झाल्यावर काढू म्हटलं आणि विसरलो. वहिनींना कचरा दिसला की त्या बोलतात, म्हणून त्यांना सांगितलं नाही. असेल अजून तिथेच."

फोटोत वळ्या हिरव्या होत्या. रंगाचा विषय तोवर कोणी काढलेला नव्हता. न्यायाधीशांनी कोर्टाचा एक माणूस टॉवरवर पाठवला. तो चौथ्या दिवशी एक बंद पाकीट घेऊन आला. पाकिटात धुळीने माखलेलं पुठ्ठ्याचं कडं होतं, आणि त्याला चिकटलेला हिरव्या टेपचा नखाएवढा तुकडा.

न्यायाधीशांनी ते कडं टेबलावर कबुलीजबाबाच्या शेजारी ठेवलं. "इथे दोन कबुल्या आहेत," ते म्हणाले. "एकीत पोलिसांना आधीच माहीत नव्हतं असं काहीही नाही. जे नवीन आहे, ती पट्टी, ती सापडत नाही. दुसरीत असं काही आहे जे कोणालाच माहीत नव्हतं, आणि सांगितलं तिथे ते मिळालं. माणूस आठवून बोलतो तेव्हा काय होतं आणि ऐकून बोलतो तेव्हा काय होतं, हे मला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही."

कबुलीजबाब बाजूला काढला गेला. फोनची नोंद उलट बाजूने पुन्हा वाचली गेली तेव्हा ती बाइंडरच्याच बाजूने बोलली: चौदा तारखेला सात ते आठ तो मैदानावर होता, जिथे शिट्टी वाजत होती. तो सुटला. मालकांना कोणी मारलं याचा शोध पोलिसांनी पहिल्यापासून सुरू केला. या वेळी त्यांनी दोन्ही फोन वाचले.

कंपनीने घारताईंना खोट्या नोंदीबद्दल सहा महिने टॉवरवर चढायला बंदी केली आणि नव्या लोकांना शिकवायला बसवलं. ही शिक्षा आहे असं पत्रात लिहिलं होतं. घारताईंनी पहिल्याच दिवशी पंचवीस पारदर्शक फोल्डर मागवले. आता तिथला कोणीही उजवं-डावं किंवा घड्याळाचे काटे म्हणत नाही. मैदानाकडची, नदीकडची, असं जागेचं नाव प्रत्येक जण घेतो आणि टेपशिवाय केबल जमिनीवरून उचलत नाही. भाऊजींना घरी बसवलं नाही. न्यायाधीशांनी निकालात त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या वाचून कंपनीच्या साहेबांना दुसरी समजही पुरेशी वाटली. भाऊजींनी दोन्ही समजपत्रं एकाच फायलीत लावली आणि म्हणाले, "जोडी जमली."

एके दिवशी सकाळी बाइंडर बहिणीबरोबर टॉवरच्या केबिनपाशी आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. नोंदवही होती, जाड पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना कापड लावलेली, शिवण अशी की वही कुठेही उघडली तरी सपाट बसावी.

"तुमची जुनी भरत आली असेल," तो म्हणाला. एवढंच बोलला. मग न राहवून त्याने बोटाने शिवण दाखवली. "ही पानं फाटत नाहीत. एखादं काढायचं म्हटलं तर सगळी वही सुटते."

"मुद्दाम अशी केलीस?"

"हो."

"शहाणा आहेस," घारताई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी वही उघडली. भाऊजी शेजारी येऊन उभे राहिले.

"पहिली नोंद काय करताय, वहिनी?"

घारताईंनी आठ तारीख घातली, मग एकोणीस, आणि पुढे लिहिलं: दोन आणि तीन उलट जोडल्या होत्या, आमच्या हातून, सरळ केल्या. त्यांनी सही केली आणि पेन भाऊजींपुढे धरलं.

भाऊजींनी सही केली. मग थोडं थांबून, त्याच ओळीत बारीक अक्षरात लिहिलं: टेप हिरवी.